जंतू कोणता, आणि शरीर काय सांगते? बालकांच्या अतिसाराच्या निदानाचा इतिहास

१९१८ साल. पहिल्या महायुद्धाचे अखेरचे वर्ष. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात विलमोर आणि शिअरमन या दोन वैद्यांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय दिसायला अगदीच नीरस होता: आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या पेशी दिसतात?

तीनच वर्षांपूर्वी गॅलिपोलीच्या मोहिमेत आमांशाने हजारो सैनिकांना अंथरुणाला खिळवले होते. या रोगाची दोन रूपे होती. एक अमीबामुळे होणारे, दुसरे जिवाणूमुळे होणारे. लक्षणे जवळजवळ सारखी: पोटात मुरडा, आव, रक्त. औषधे मात्र वेगळी. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली कलकत्त्यात अमीबाच्या आमांशावर एमेटिनची इंजेक्शने गुणकारी ठरतात हे दाखवले होते. पण एमेटिन हृदयाला घातक असते. जिवाणूच्या आमांशात ते दिले, तर रोग जागच्या जागी राहतो आणि हृदयाला उगाच इजा पोहोचते. जंतूची वाढ करून त्याची ओळख पटवायला दिवस लागतात आणि छावणीतल्या रुग्णाजवळ तेवढे दिवस नसतात.

विलमोर आणि शिअरमन यांनी सुचवलेला मार्ग साधा होता. ताज्या विष्ठेचा कण काचेवर घ्यावा आणि त्यात पू-पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, किती आहेत ते पाहावे. पेशींची गर्दी दिसली तर आमांश जिवाणूचा. त्या तुरळक दिसल्या तर संशय अमीबाचा. जंतू डोळ्यांना दिसो वा न दिसो, त्याच्याशी शरीराने कशी झुंज घेतली याच्या खुणा विष्ठेत उरतात आणि त्या खुणांवरून निदान करता येते.

अशा खुणेला आज ‘बायोमार्कर’ किंवा जैवनिर्देशक म्हणतात. बालरोगतज्ज्ञांपुढे सध्या जो प्रश्न आहे तो याच घराण्यातला आहे. जुलाबाने मलूल झालेले मूल समोर आहे. जुलाब जिवाणूमुळे आहेत की विषाणूमुळे? जिवाणूंवर प्रतिजैविक चालते, विषाणूवर चालत नाही. या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी सव्वाशे वर्षे जी धडपड चालली आहे, ती या धाग्याचा विषय.

विष्ठेवरून रोग ओळखण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. आयुर्वेदात अतिसाराची ‘आम’ आणि ‘पक्व’ अशी विभागणी आहे आणि ती ओळखण्याची कसोटीही दिलेली आहे: मल पाण्यात टाकला असता बुडतो की तरंगतो, हे पाहायचे. उपचाराची दिशा या उत्तरावर ठरे, कारण आमावस्थेत जुलाब बांधणारे औषध देऊ नये असा दंडक होता. ‘आमांश’ हा आपल्या नेहमीच्या बोलण्यातला शब्द त्याच ‘आम’ची आठवण आहे. पाण्यातल्या या परीक्षेचा जंतूंशी संबंध नाही. तरी औषध देण्याआधी आजाराचा प्रकार ठरवला पाहिजे, ही निकड वैद्यांना तेव्हाही जाणवत होती.

जंतूंचा शोध लागल्यावर ही निकड चुटकीसरशी भागेल असे युरोपातील संशोधकांना वाटले असल्यास नवल नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचा माग काढला होता. एक रोग, एक जंतू हे समीकरण जोरात होते. त्याच सुमारास म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश नावाचा तरुण बालरोगवैद्य तान्ह्या मुलांच्या विष्ठेचा अभ्यास करीत होता. युरोपातील शहरांत दर उन्हाळ्यात अतिसाराची लाट येई आणि तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावत. त्या मृत्यूंचे कारण आतड्यात सापडेल अशी त्याची अपेक्षा होती.

सापडले ते अपेक्षेपेक्षा वेगळे. नवजात अर्भकाच्या पहिल्या काळ्या विष्ठेत जंतू नसतात, पण काही तासांतच ते येतात आणि पुढे आतडे त्यांनी कायमचे गजबजून जाते. हे निरोगी मुलांतही घडते. १८८५-८६ मध्ये एशेरिशने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सर्वांच्या आतड्यात आढळणाऱ्या एका जिवाणूला ‘बॅक्टेरियम कोलाय कम्युन’ असे नाव दिले. ‘कम्युन’ म्हणजे सर्वसामान्य, नेहमीचा. पुढे त्याच्याच सन्मानार्थ या जिवाणूचे नाव ‘एशेरिशिया कोलाय’ झाले. आजचा ई. कोलाय तो हाच.

या शोधाने गुन्ह्याचा तपास भलताच अवघड करून ठेवला. ज्या घरात शेकडो माणसे नेहमीच राहतात, त्या घरात एखादा माणूस सापडला म्हणून तो चोर ठरत नाही. आजाऱ्याच्या विष्ठेत जिवाणू मिळाला तरी त्याने आजार घडवला असे सिद्ध होत नाही. एशेरिशच्या काळात उभी राहिलेली ही अडचण अजूनही हटलेली नाही. उलट चाचण्या जितक्या सूक्ष्म झाल्या, तितकी ती वाढली. ते पुढे येईलच.

१८९७ साली जपानमध्ये आमांशाची भयंकर साथ आली. ९० हजारांहून अधिक रुग्ण आणि त्यांतील वीस टक्क्यांहून अधिक मृत्यू. कितासातो शिबासाबुरो यांच्या तोक्योतील संस्थेत नुकताच रुजू झालेला कियोशी शिगा या साथीच्या मुळाशी गेला. अनेक जिवाणूंच्या गर्दीतून नेमका गुन्हेगार निवडायचा कसा? शिगाने अगदी ताजे तंत्र वापरले. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये विदाल यांनी दाखवले होते की विषमज्वराच्या रुग्णाचे रक्तद्रव विषमज्वराच्या जंतूंमध्ये मिसळले की जंतूंच्या गुठळ्या होतात. शिगाने आमांशाच्या रुग्णांचे रक्तद्रव घेतले आणि त्यांच्या विष्ठेतल्या निरनिराळ्या जिवाणूंवर घालून पाहिले. ज्याच्या गुठळ्या झाल्या तो जिवाणू खरा शत्रू, कारण शरीराने त्याच्याविरुद्ध शस्त्रे घडवली होती. ‘शिगेला’ हे या जिवाणूंच्या कुळाचे नाव त्याच्यावरून पडले.

पाठ्यपुस्तकांत शिगाची ओळख ‘जंतू शोधणारा’ अशी असते आणि ती योग्यही आहे. पण त्या शोधातला निर्णायक साक्षीदार रुग्णाचे शरीर होते, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

शिगेलाचा छडा लागला तरी मुलांच्या अतिसाराचे कोडे सुटले नाही. प्रयोगशाळेत विष्ठा पाठवावी आणि ‘रोगकारक जिवाणू आढळला नाही’ असे उत्तर यावे, हा प्रकार बहुसंख्य मुलांच्या बाबतीत घडत राहिला. १९४५ साली इंग्लंडमध्ये जॉन ब्रे यांनी तान्ह्या मुलांच्या उन्हाळी अतिसारात ई. कोलायचाच एक विशिष्ट प्रकार वारंवार सापडतो असे दाखवले. म्हणजे एशेरिशचा तो सालस रहिवासी काही वेषांतरांत घातकही होता. तरीही बरीच मोठी संख्या अनुत्तरित उरली.

विषाणूचा संशय होताच. १९४३ मध्ये अमेरिकेत लाइट आणि होड्स यांनी बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातील नवजात अर्भकांच्या अतिसाराच्या साथीतले नमुने जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले आणि ते द्रव वासरांना दिले. वासरांना जुलाब झाले. जिवाणू गाळले गेले होते, तरी रोग उरला होता. कारक दिसत नव्हता आणि त्याची वाढही करता येत नव्हती. त्यातला काही नमुना सुकवून जतन केला गेला. सुमारे तीन दशकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला गेला तेव्हा त्यात चाकासारखे गोल कण दिसले. तोवर त्या कणांना नाव मिळाले होते: रोटाव्हायरस.

ते नाव मिळण्याची हकीकत मेलबर्नची. तिथल्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांचे सहकारी डेव्हिडसन, होम्स व रक यांनी १९७३ साली तीव्र अतिसार झालेल्या नऊ मुलांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अस्तराचे बारीक तुकडे तपासले. नऊपैकी सहा मुलांच्या पेशींत विषाणूचे कण खच्चून भरलेले होते. आदल्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कापिकियन यांनी ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली आलेल्या साथीच्या नमुन्यांतून दुसरा एक विषाणू शोधून काढला होता. आजचा नोरोव्हायरस तो. इंग्लंडमधील थॉमस फ्लेवेट यांनी ‘रोटा’ म्हणजे लॅटिनमध्ये चाक, या शब्दावरून बिशप यांच्या विषाणूचे बारसे केले. पाहता पाहता लक्षात आले की जगभरात लहान मुलांच्या तीव्र अतिसाराचे सर्वांत मोठे कारण हाच विषाणू आहे. म्हणजे कित्येक दशके असंख्य मुलांना जी जिवाणूनाशक औषधे दिली गेली, त्यांतील पुष्कळशी वाया गेली होती.

वाया गेली एवढेच म्हणणे पुरेसे नाही. त्या औषधांनी काय केले याचा पुरावा पुन्हा जपानमधूनच आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांशावर सल्फा औषधे सर्रास वापरली गेली आणि काही वर्षांतच शिगेला त्यांना दाद देईनासा झाला. मग नवी प्रतिजैविके आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकदम तीन-चार औषधांना न जुमानणारे शिगेला मिळू लागले. जिवाणू एका वेळी चार कुलपे कशी उघडतो? १९५९ साली ओचिआइ आणि अकिबा यांच्या गटांनी उत्तर दिले. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय आपली प्रतिरोधाची क्षमता सरळ शिगेलाच्या हवाली करतो. जनुकांचा एक छोटा तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्यावर अनेक औषधांचा प्रतिकार एकत्र लिहिलेला असतो.

एशेरिशने शोधलेला जिवाणू आणि शिगाने शोधलेला जिवाणू मुलाच्या आतड्यात शेजारी-शेजारी बसून ही देवघेव करीत होते. विषाणूच्या जुलाबासाठी दिलेली प्रत्येक अनावश्यक गोळी त्या शेजाऱ्यांतल्या प्रतिरोधक जिवाणूंना निवडून वाढवते. पुढच्या वर्षी त्याच वस्तीतल्या एखाद्या मुलाला खरोखरीचा शिगेला होतो तेव्हा औषध लागू पडत नाही. ‘जिवाणू की विषाणू’ या प्रश्नाला जीवनमरणाचे वजन येते ते इथे.

मात्र याच काळात एक असा उपाय निघाला की हा प्रश्न काही काळ मागे पडला. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आतड्याचे अस्तर साखरेबरोबर मीठही आत घेते आणि त्यामागून पाणी शिरते. आतड्याची ही वाट बहुतेक अतिसारांत, जंतू कोणताही असो, बऱ्याच अंशी शाबूत राहते. त्यामुळे कारण न ओळखताही मूल वाचवता येते. १९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले अतिसाराने दगावत असल्याचा अंदाज होता. आज हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. या घटीत स्वच्छ पाणी, पोषण आणि लस यांचाही वाटा आहे, पण ओआरएसचा मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण यावरच उभे राहिले. ओआरएस द्या, पुढे झिंकही द्या, आणि प्रतिजैविक फक्त विष्ठेत रक्त दिसले तरच द्या, किंवा तीव्र पटकी असेल तर. विष्ठेतले रक्त हा या धोरणातला एकमेव जैवनिर्देशक. आई तो स्वतः पाहू शकते, यंत्र लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या बायका ‘साधी हगवण’ आणि ‘रक्ताची आव’ यांत जो फरक करीत, तोच हा फरक आहे.

पण डोळ्यांना रक्त न दिसता शिगेला असू शकतो का? आणि रक्त दिसूनही प्रतिजैविक देणे घातक ठरू शकते का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर दुर्दैवाने ‘होय’ असे निघाले.

१९७२ साली मेरीलँड विद्यापीठातील हॅरिस, ड्युपाँट आणि हॉर्निक यांनी विलमोर-शिअरमनची जुनी युक्ती पुन्हा हाती घेतली. विष्ठेच्या ठिपक्यावर मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकून त्यांनी पांढऱ्या पेशी मोजल्या. (या गटाचे आतड्याच्या संसर्गाचे स्वयंसेवक-प्रयोग त्या काळी मोठ्या प्रमाणात तुरुंगातील कैद्यांवर होत असत, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.) शिगेला, साल्मोनेला आणि आतड्यात घुसणारे ई. कोलाय यांच्या संसर्गात पांढऱ्या पेशी दिसल्या. विषाणूंच्या अतिसारात त्या दिसल्या नाहीत. आणि पटकीतही दिसल्या नाहीत!

या शेवटच्या निष्कर्षापाशी जरा थांबायला हवे. पटकीचा कारक अस्सल जिवाणू आहे. पण तो आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. बाहेरच चिकटून राहतो, विष सोडतो आणि पेशींना पाणी ओतायला लावतो. भिंत फुटत नाही, म्हणून पांढऱ्या पेशींची फौज धावून येत नाही. रोटाव्हायरस भिंतीवरच्या वरच्या पेशी मारतो, पण फौज बोलावण्याइतकी खळबळ त्याच्याने सहसा होत नाही. याउलट शिगेला मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो, पेशीतून पेशीत पसरतो आणि तिथे खरीखुरी लढाई जुंपते. म्हणजे विष्ठेतल्या पांढऱ्या पेशी ‘जिवाणू’ असे म्हणतच नाहीत. त्या ‘भिंत फोडली गेली’ एवढेच सांगतात. प्रश्न जिवाणू-विषाणूचा विचारला गेला आणि उत्तर दाहाचे मिळाले. पुढच्या बहुतेक चाचण्यांच्या वादांचे मूळ या विसंगतीत आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या परीक्षेची व्यावहारिक अडचण वेगळीच होती. पेशी लवकर फुटून नाहीशा होतात. नमुना ताजा हवा, पाहणारा डोळा सरावलेला हवा. मग पेशी मोजण्याऐवजी पेशी फुटल्यावर मागे उरणारे प्रथिन मोजले तर? १९९२ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील रिचर्ड गेरंट आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोफेरिन हे प्रथिन निवडले. पांढऱ्या पेशींच्या पोटातल्या कणांत ते साठवलेले असते, पेशी मेली तरी टिकते आणि साध्या चाचणीत पकडता येते. युक्ती सुरेख होती. फक्त एक गोष्ट आडवी आली. ‘लॅक्टो’ म्हणजे दूध. हे प्रथिन आईच्या दुधात भरपूर असते. अंगावर पिणाऱ्या मुलाची चाचणी आजार नसतानाही होकारार्थी येऊ शकते. ज्या वयात अतिसार सर्वांत घातक, नेमक्या त्याच वयात चाचणी घसरते.

दुसरे प्रथिन नॉर्वेचे. १९८० साली ओस्लोमध्ये फागरहोल आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींतून एक प्रथिन वेगळे काढले, त्याचे पुढे ‘कॅलप्रोटेक्टिन’ असे नामकरण झाले. ते जंतूंना लागणारे जस्त पकडून ठेवते आणि त्यांची उपासमार करते. विष्ठेत ते कित्येक दिवस टिकते, त्यामुळे नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला तरी चालते. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या रोगांत या चाचणीने चांगले बस्तान बसवले आहे. मुलांच्या अतिसारातही साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांच्या संसर्गात कॅलप्रोटेक्टिन विषाणूंच्या तुलनेत बरेच वाढलेले आढळते. पण निरोगी तान्ह्या मुलांतही त्याची पातळी मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असते. सीमारेषा कुठे आखायची, हा प्रश्न इथेही शिल्लक राहतो.

रक्तातल्या निर्देशकांचा इतिहास याला समांतर चालला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक पदार्थ सापडला, जो न्यूमोनियाच्या जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी संयोग पावून साका बनवतो. तोच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आज प्रत्येक तपासणी-चिठ्ठीवर दिसणारा ‘सीआरपी’. हे प्रथिन एका जंतूविरुद्ध घडवलेले नसून कोणत्याही दाहात यकृत ते ओतते, हे नंतर कळले. १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी बालरुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की थायरॉइडच्या एका संप्रेरकाचे पूर्वरूप असलेले प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या गंभीर संसर्गात खूप वाढते आणि विषाणूंच्या संसर्गात फारसे वाढत नाही. दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत. दोन्हींना अपवादही आहेत. अडेनोव्हायरससारखा विषाणू सीआरपीला चांगलेच चढवू शकतो, आणि आतड्यापुरता मर्यादित जिवाणू-संसर्ग रक्तात फारशी खळबळ न माजवता राहू शकतो.

आतापर्यंतचे सगळे निर्देशक ‘जिवाणू’च्या बाजूने साक्ष देणारे होते. ते नसले म्हणजे विषाणू, असा नकारातून काढलेला निष्कर्ष. विषाणूच्या बाजूचा साक्षीदार मिळायला वेगळी वाट लागली. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधले: विषाणूने ग्रासलेली पेशी शेजारच्या पेशींना जो इशारा देते तो पदार्थ. पुढे १९६२ साली लिंडेनमन यांनाच उंदरांचा एक असा वंश मिळाला, जो इन्फ्लुएंझाने मरत नव्हता. त्यामागचे जनुक ‘एमएक्स’. माणसातले त्याचे भावंड ‘एमएक्सए’ हे प्रथिन इंटरफेरॉनच्या इशाऱ्याने पेशींत तयार होते, म्हणून विषाणू-संसर्गात वाढते आणि जिवाणू-संसर्गात सहसा शांत राहते. हल्ली दोन्ही बाजूंचे साक्षीदार एकत्र उभे करण्याकडे कल आहे. जिवाणूसाठी सीआरपी, विषाणूसाठी इंटरफेरॉनच्या वाटेवरची प्रथिने, आणि सर्वांचा मिळून एक कौल. या जोडचाचण्यांचा पाया मुख्यतः ताप आणि श्वसनविकारांच्या रुग्णांवर घातला गेला. अतिसाराच्या मैदानात त्यांना अजून आपली पात्रता सिद्ध करायची आहे.

इतका खटाटोप कशासाठी, आता पीसीआर आहे की, असे कोणी म्हणेल. एका नमुन्यात वीसहून अधिक जंतूंची जनुके काही तासांत शोधता येतात. इथे एशेरिशची अडचण शंभर पटींनी परत येते. २००७ ते २०११ या काळात आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात ठिकाणी ‘जेम्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात कोलकात्याचाही समावेश होता. मध्यम ते तीव्र अतिसाराच्या ९ हजारांहून अधिक मुलांबरोबर त्याच वस्तीतली, त्याच वयाची, जुलाब नसलेली १३ हजारांहून अधिक मुलेही तपासली गेली. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या विष्ठेत कोणता ना कोणता रोगकारक मिळाला. निरोगी मुलांपैकी ७२ टक्क्यांच्या विष्ठेतही मिळाला. एकेका मुलाच्या पातळीवर ‘जंतू सापडला’ या वाक्याचे मोल किती, हे या दोन आकड्यांवरून कळते.

२०१६ मध्ये हेच नमुने संख्यात्मक पीसीआरने पुन्हा तपासले गेले. जंतू आहे की नाही यापेक्षा तो किती आहे, हे मोजले गेले. त्यात शिगेलाचे ओझे आधीच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले, आणि त्यातला मोठा भाग असा होता की विष्ठेत रक्त दिसलेच नव्हते. ज्या मुलांना धोरणानुसार प्रतिजैविक मिळाले नसते, त्यांतल्या काहींना ते हवे होते.

मग सरसकट सर्वांना द्यावे का? भारतासह सात देशांत आठ हजारांहून अधिक मुलांवर हा प्रयोग करून पाहिला गेला. दोन वर्षांखालील, पाण्यासारखे जुलाब होत असलेली आणि शोष किंवा कुपोषण यांमुळे धोक्यात असलेली ही मुले होती. निम्म्यांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन, निम्म्यांना औषध नसलेली पुडी. २०२१ साली निकाल आला: सहा महिन्यांतील मृत्यूंत ठोस फरक नाही. पण नंतर ज्यांच्या जुलाबाचे कारण बहुधा जिवाणू होते अशी मुले नमुन्यांवरून वेगळी काढली, तेव्हा त्यांच्यात औषधाचा फायदा दिसला. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू असलेली मुले कमी आणि पुढच्या तीन महिन्यांत रुग्णालयात जाणारी किंवा दगावणारीही कमी. ही निवड प्रयोग संपल्यावर प्रयोगशाळेत करता आली. औषध देण्याच्या क्षणी, आरोग्यकेंद्राच्या बाकावर, ती करण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतून आले. १९८२ साली तिथे अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा प्रकार पसरला. विष्ठेत भरपूर रक्त, आणि त्यानंतर काही मुलांची मूत्रपिंडे निकामी. हा जिवाणू जे विष सोडतो ते शिगाच्या जिवाणूच्या विषाचेच सख्खे भावंड आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जंतूची लागण झालेली ७१ मुले होती. प्रतिजैविक न मिळालेल्या ६२ मुलांपैकी ५ जणांची मूत्रपिंडे बिघडली. प्रतिजैविक मिळालेल्या ९ मुलांपैकीही ५ जणांची बिघडली. मुले थोडी होती, तरी तेव्हापासून या जंतूचा संशय असताना डॉक्टर प्रतिजैविकापासून हात राखून असतात. कोलकात्यात विष्ठेतले रक्त ‘औषध द्या’ म्हणते, अमेरिकेतल्या शहरात तेच रक्त ‘थांबा’ म्हणू शकते. निर्देशकाचा अर्थ त्या भागात कोणता जंतू फिरतो आहे यावर ठरतो.

आणि फिरणारे जंतू बदलतात. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना काही नवजात अर्भकांत रोटाव्हायरसचा एक असा वाण मिळाला, ज्याने मुले आजारीच पडली नव्हती. उलट पुढे तीव्र अतिसारापासून त्यांना संरक्षण मिळालेले दिसले. जंतू आहे पण रोग नाही, याचा हा आणखी एक दाखला. त्या ‘११६ई’ वाणापासून रोटाव्हॅक ही लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने वेगळ्या वाणांपासून रोटासिल ही उष्णतेतही टिकणारी लस बनवली. २०१६ पासून भारताच्या लसीकरण कार्यक्रमात रोटाव्हायरसची लस टप्प्याटप्प्याने आली.

लस पोहोचते तिथे रोटाव्हायरसचा वाटा घटतो. जुलाब घेऊन येणाऱ्या उरलेल्या मुलांत मग शिगेलाचे प्रमाण आपोआप वाढते, आणि तेही अनेक औषधांना सरावलेल्या शिगेलाचे. आरोग्यकेंद्रात येणाऱ्या मुलांचे जुलाब बहुतांशी विषाणूचे असत, तेव्हा ‘औषध नको, ओआरएस द्या’ हा अंदाज बहुतेक वेळा आपसूकच बरोबर ठरे. आता तो अंदाज तेवढा खात्रीचा राहत नाही. विष्ठेच्या एका ठिपक्यावर मिनिटांत उत्तर देणारी, अंगावर पिणाऱ्या मुलातही न फसणारी आणि तालुक्याच्या ठिकाणी परवडणारी चाचणी म्हणूनच अजून शोधली जात आहे.